‘किमान’ आणि ‘कमाल’ यांचे बीजगणित : असमानतेवरील शाब्दिक उदाहरणांची चिकित्सा

सारांश : दैनंदिन व्यवहारातील बहुतेक अटी ‘इतकेच’ अशा नसतात, त्या ‘निदान इतके’ किंवा ‘फार तर इतके’ अशा स्वरूपाच्या असतात. बीजगणितात त्यांना असमानता म्हणतात. प्रस्तुत लेखात पाठ्यपुस्तकांतील असमानतेवरील शाब्दिक उदाहरणांचा विचार भाषा, अटींची विश्वसनीयता आणि उत्तराचा अर्थ या तीन अंगांनी केला आहे. आमगाव परिसरातील धानशेतीच्या व्यवहारातून काही पर्यायी उदाहरणे मांडली असून, असमानतेची ओळख दहावीपूर्वीच व परिसराच्या भाषेतून व्हावी, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : असमानता, शाब्दिक उदाहरणे, किमान, कमाल, रेषीय प्रायोजन, धानशेती, गोंदिया जिल्हा.

प्रस्तावना

गणित व्यवहाराशी जोडले जावे, ही अपेक्षा आपल्याकडे प्रत्येक अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत नमूद केलेली असते. ती पूर्ण करण्याची जबाबदारी पाठ्यपुस्तकाने प्रामुख्याने शाब्दिक उदाहरणांवर सोपविली आहे. वडील व मुलगा यांच्या वयांची बेरीज, दोन नळांनी भरणारी टाकी, प्रवाहाच्या दिशेने व विरुद्ध दिशेने जाणारी नाव ही उदाहरणे सोडवीत महाराष्ट्रातील अनेक पिढ्या शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाल्या. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. त्यांच्या मांडणीत बरोबरचे चिन्ह असते आणि उत्तर एकच येते.

व्यवहाराची घडण मात्र निराळी आहे. बाजारात गेलेल्या माणसाजवळ पाचशे रुपये असले, म्हणजे त्याला नेमके पाचशे रुपये खर्च करावयाचे असतात असे नाही. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण हवेत, याचा अर्थ निदान ३५ हवेत. तलावात पाणी अमुक इतके आहे, म्हणजे पीक त्याहून अधिक पाणी मागणार नाही असे नियोजन करावे लागते. शेतकरी, गृहिणी, दुकानदार व मुख्याध्यापक यांच्या बहुतेक निर्णयांना मर्यादेचा काठ असतो आणि त्या काठाच्या आत निवडीला वाव असतो. हा काठ व हा वाव यांचे गणित म्हणजे असमानता.

अन्य विद्याशाखांतील अध्यापकांसाठी एक खुलासा येथे आवश्यक आहे. समाजशास्त्रात ‘विषमता’ या अर्थाने येणारा असमानता हा शब्द येथे अभिप्रेत नाही. दोन राशींची तुलना <, >, ≤ किंवा ≥ या चिन्हांनी करणारे विधान, एवढाच येथे त्याचा अर्थ आहे. यांतील पहिली दोन चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या मृत्यूनंतर १६३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात प्रथम छापली गेली. ‘किंवा बरोबर’ हा अर्थ सामावून घेणारे चिन्ह फ्रान्समधील प्येर बूगेर यांनी १७३४ साली योजले. बरोबरचे चिन्ह त्याआधीच, १५५७ साली, रॉबर्ट रेकॉर्ड यांनी रूढ केले होते. मर्यादेची भाषा चिन्हरूपात येण्यास समतेच्या भाषेपेक्षा अधिक काळ लागला, ही गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीनेही विचारात घेण्याजोगी आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या गणित भाग १ मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणित श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता व सांख्यिकी अशी सहा प्रकरणे आहेत. २०१७ सालच्या नववीच्या पुस्तकातही रेषीय समीकरणांना स्वतंत्र प्रकरण दिलेले आहे. असमानतेला या दोन्ही पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण नाही. अकरावी वाणिज्य शाखेच्या पुस्तकात रेषीय असमानता येतात आणि बारावीत रेषीय प्रायोजन, म्हणजे अनेक मर्यादा पाळून नफा अधिकाधिक किंवा खर्च कमीत कमी करण्याची रीत, शिकविली जाते. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतही रेषीय असमानतांचे प्रकरण अकरावीत आहे.

या रचनेचा परिणाम सरळ आहे. दहावीनंतर शिक्षण सोडणारा अथवा कला शाखेत गणित न घेणारा विद्यार्थी असमानतेची मांडणी एकदाही न करता शिक्षणव्यवस्थेबाहेर पडतो. पुढील आयुष्यात नेमके त्यालाच कमाल व किमान मर्यादांनी भरलेले शासननिर्णय, कर्जाच्या अटी आणि खरेदी केंद्रावरील फलक वाचावे लागतात. जो पुढे शिकतो, त्याच्यापुढे समीकरणावरून थेट रेषीय प्रायोजनापर्यंतची उडी असते. दोन चलांच्या असमानतेचा आलेख तो काढू शकतो. पण एका चलाची साधी अट शब्दांतून चिन्हांत आणताना तो अडखळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही अडचण बीजगणिताची कमी आणि भाषेची अधिक आहे.

भाषेचा प्रश्न

मराठीत मर्यादा सांगणाऱ्या शब्दांची वाण नाही. निदान, किमान, कमीत कमी, फार तर, कमाल, जास्तीत जास्त, -पर्यंत, -च्या आत, -हून कमी नाही, -पेक्षा अधिक नको असे कितीतरी प्रयोग नित्याचे आहेत. परंतु शाब्दिक उदाहरण सोडविताना शब्दाकडे पाहून क्रिया ठरविण्याची सवय विद्यार्थ्याला लहानपणीच लागलेली असते. ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘उरले’ दिसले की वजाबाकी, अशी ती सवय आहे. असमानतेत हीच सवय त्याला फसविते. ‘कमीत कमी साठ’ या पदबंधात ‘कमी’ हा शब्द दोनदा येतो, म्हणून विद्यार्थी < हे चिन्ह लिहितो. वास्तविक तेथे क्ष ≥ ६० असे हवे. ‘जास्तीत जास्त’ या पदबंधाने याच्या उलट दिशेची चूक होते.

काही प्रयोगांत मर्यादेची संख्या धरावयाची की सोडावयाची, हे भाषा स्पष्ट करीत नाही. ‘साठपर्यंत’ म्हटले की साठ ही संख्या धरली जाते. ‘साठहून कमी’ म्हटले की ती वगळली जाते. ‘साठच्या आत’ या प्रयोगाचा अर्थ मात्र बोलणाऱ्यावर अवलंबून राहतो. ‘दहा तारखेच्या आत अर्ज द्यावा’ अशी सूचना असल्यास दहा तारखेस आलेला अर्ज स्वीकारावा की नाही, यावर कार्यालयात वाद होऊ शकतो. हा वाद < आणि ≤ या दोन चिन्हांमधील आहे.

या फरकाने काय घडते, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातून दिसते. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० विद्यार्थ्यांसाठी तीन, ९१ ते १२० साठी चार आणि १२१ ते २०० साठी पाच, असे ते प्रमाण आहे. पट ६० असताना दोन शिक्षक आणि ६१ होताच तिसरा! एका मुलाच्या प्रवेशाने एक शिक्षकपद निर्माण होते आणि एका मुलाच्या स्थलांतराने ते अतिरिक्त ठरू शकते. आपल्या भागातील प्रत्येक प्राथमिक शिक्षक ही असमानता अनुभवाने जाणतो. पाठ्यपुस्तकात मात्र तिला जागा मिळालेली नाही.

आमगावच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविणे अगत्याचे आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांना लागून आहे. येथील वर्गात मराठी माध्यम असले तरी घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी किंवा हिंदी बोलणारे विद्यार्थी असतात. हिंदीत ‘कमाल’ या शब्दाचा अर्थ आश्चर्य किंवा करामत असा होतो. मर्यादेसाठी तेथे ‘अधिकतम’ हा शब्द आहे. ‘किमान’ ऐवजी तेथे ‘कम से कम’ किंवा ‘न्यूनतम’ येते. अशा विद्यार्थ्याला ‘कमाल मर्यादा’ हा शब्दप्रयोग प्रथम भेटतो तो गणिताच्या प्रश्नपत्रिकेत. त्याचे चुकलेले उत्तर गणिताच्या खात्यावर मांडणे न्याय्य नाही. वर्गात बोलल्या जाणाऱ्या सर्व बोलींतील मर्यादावाचक शब्दांची एक यादी फळ्यावर करून प्रत्येकापुढे योग्य चिन्ह लिहविणे, हा या घटकाचा पहिला पाठ असावयास हवा.

तांदळाच्या पुड्या : एका उदाहरणाची तपासणी

राष्ट्रीय परिषदेच्या अकरावीच्या पुस्तकात हे प्रकरण एका परिचित प्रसंगाने सुरू होते. रवी नावाचा मुलगा २०० रुपये घेऊन तांदूळ घ्यावयास जातो. तांदूळ एक किलोच्या पुड्यांत मिळतो आणि एका पुडीची किंमत ३० रुपये आहे. पुड्यांची संख्या क्ष मानल्यास खर्च ३०क्ष होतो. पुड्या पूर्णच घ्यावयाच्या असल्याने सगळे पैसे खर्च होतीलच असे नाही, असे सांगून पुस्तक ३०क्ष < २०० ही असमानता मांडते. त्यानंतर लगेच रेश्मा नावाच्या मुलीचे १२० रुपयांत वह्या व पेने घेण्याचे उदाहरण येते आणि तेथे ४०क्ष + २०य ≤ १२० असे चिन्ह वापरले जाते.

प्रसंग साधा आहे, संख्या सोप्या आहेत आणि समीकरणाकडून असमानतेकडे नेण्याचा हेतूही स्वच्छ आहे. तरीही चिकित्सक वाचकाने येथे थांबले पाहिजे. दोन्ही प्रसंगांतील अट एकच आहे : जवळच्या पैशांपेक्षा अधिक खर्च होऊ शकत नाही. मग पहिल्या ठिकाणी < आणि दुसऱ्या ठिकाणी ≤ का? कारण २०० ला ३० ने निःशेष भाग जात नाही, एवढेच. पुडीची किंमत २५ रुपये असती, तर रवी नेमके २०० रुपये खर्च करून आठ पुड्या घेऊ शकला असता आणि < हे चिन्ह चुकीचे ठरले असते. म्हणजे चिन्ह अटीवरून निश्चित न होता भागाकाराच्या योगायोगावरून निश्चित झाले. विद्यार्थ्याने चिन्ह अटीच्या वाक्यातून शोधावयाचे असते. उत्तर आधी काढून मग चिन्ह ठरविण्याची वाट त्याला पहिल्याच पानावर दाखविणे इष्ट नव्हे. दोन्ही ठिकाणी ≤ लिहून, ‘क्ष ही पूर्ण संख्या आहे’ ही अट वेगळी नोंदविली असती, तर दोन मर्यादा दोन जागी स्पष्ट दिसल्या असत्या. पहिली मर्यादा पैशाची आणि दुसरी वस्तूच्या स्वरूपाची.

त्याच पुस्तकातील एक उदाहरण मात्र आदर्श मानावे असे आहे. पहिल्या दोन परीक्षांत ६२ व ४८ गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला सरासरी निदान ६० यावी यासाठी तिसऱ्या परीक्षेत किती गुण हवेत, असा तो प्रश्न आहे. उत्तर क्ष ≥ ७० असे येते. येथे ‘निदान’ या शब्दावरून चिन्ह थेट ठरते, प्रश्न विद्यार्थ्याच्या हिताचा आहे आणि उत्तर कळल्यावर त्याला काहीतरी करता येते. व्यवहारातील उदाहरण म्हणवून घेण्यासाठी ही तिसरी कसोटी आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

उत्तराचा अर्थ

अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना विचारलेल्या एका प्रश्नाची चर्चा १९८३ पासून गणित शिक्षणाच्या क्षेत्रात होत आली आहे. एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना नेण्यासाठी किती बसगाड्या लागतील? भागाकार केल्यास ३१ येतात आणि १२ सैनिक उरतात. बहुसंख्य मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर सुमारे २३ टक्के मुलांनीच दिले. अनेकांनी ‘३१ आणि बाकी १२’ असे लिहून प्रश्न संपविला. प्रश्न ३६क्ष ≥ ११२८ या असमानतेचा होता आणि मुलांनी तो भागाकाराचा मानला.

महाविद्यालयातील परिचित उदाहरण घ्यावयाचे तर ७५ टक्के उपस्थितीचे घेता येईल. समजा, एका विषयाच्या वर्षभरात ८७ तासिका होणार आहेत. ५७ झाल्या असून विद्यार्थी ४० तासिकांना हजर होता. उरलेल्या ३० पैकी त्याने निदान किती तासिकांना हजर राहावे? ८७ चे ७५ टक्के ६५.२५ होतात. म्हणून ४० + क्ष ≥ ६५.२५, अर्थात क्ष ≥ २५.२५. अपूर्णांक अर्ध्यापेक्षा कमी असल्यास सोडून द्यावा, या सवयीने विद्यार्थी २५ हे उत्तर लिहितो. २५ तासिकांना तो हजर राहिल्यास त्याची उपस्थिती ७४.७१ टक्के भरते आणि तो परीक्षेस अपात्र ठरतो. योग्य उत्तर २६ आहे. ‘निदान’ असेल तेथे अपूर्णांक वर न्यावा लागतो. ‘फार तर’ असेल तेथे खाली. आसन्न किमतीचा नेहमीचा नियम येथे लागू पडत नाही, ही बाब पाठ्यपुस्तकाने ठसविणे आवश्यक आहे.

धानाच्या व्यवहारातील दोन उदाहरणे

आमगाव हा धानाचा मुलूख आहे. येथील विद्यार्थ्याला आम्लाच्या द्रावणाचे उदाहरण द्यावे लागते, कारण ते पुस्तकात आहे. परंतु त्याच गणिताचे अस्सल रूप त्याच्या अंगणात वाळत पडलेले असते.

शासकीय धान खरेदीच्या निकषांत ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. समजा, शेतकऱ्याजवळ २१ टक्के ओलाव्याचे ४० क्विंटल धान आहे. वाळविल्यावर त्याचे वजन किती भरेल? सर्वसाधारण अंदाज असा की ओलावा चार टक्के कमी करावयाचा आहे, म्हणून ४० चे चार टक्के, म्हणजे १.६ क्विंटल वजन घटेल आणि ३८.४ क्विंटल उरेल. हा अंदाज चुकीचा आहे. ४० क्विंटलमध्ये ओलावा सोडून ३१.६ क्विंटल भाग आहे आणि वाळविताना तो बदलत नाही. नवे वजन व असल्यास हा भाग वजनाच्या निदान ८३ टक्के असला पाहिजे. म्हणून ३१.६ ≥ ०.८३व, अर्थात व ≤ ३८.०७. वजन सुमारे १.९३ क्विंटल घटणार आहे. अंदाज व वास्तव यांत ३३ किलोचा फरक पडतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची जाहीर आधारभूत किंमत क्विंटलला २३६९ रुपये आहे. त्या दराने हा फरक सुमारे पावणेआठशे रुपयांचा होतो. हे गणित ठाऊक नसलेल्या शेतकऱ्याला वजनकाट्याचा संशय येणे स्वाभाविक आहे.

याच असमानतेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. व ≤ ३८.०७ ही अट ३६ क्विंटललाही लागू पडते. ओलावा १४ टक्क्यांपर्यंत उतरेल इतके धान वाळविले, तर वजन ३६.७४ क्विंटल होईल. निकष पूर्ण होईल. पण दर तोच राहिल्यास तीन हजारांहून अधिक रुपयांचे वजन उन्हात उडून गेलेले असेल. म्हणजे अट पाळणारी उत्तरे अनेक आहेत आणि शेतकऱ्याच्या हिताचे उत्तर सीमेलगत आहे. ‘उकल’ आणि ‘उत्तम उकल’ यांतील भेद समजावून देण्यासाठी याहून समर्पक उदाहरण शोधावे लागणार नाही.

दुसरे उदाहरण प्रोत्साहनपर रकमेचे. २०२३-२४ च्या खरीप हंगामासाठी राज्य शासनाने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले होते. एका शेतकऱ्याला ३०,००० रुपये मिळाले असल्यास त्याचे क्षेत्र किती? समीकरण मांडून १.५ हेक्टर असे उत्तर मिळते. दुसऱ्याला ४०,००० मिळाले असल्यास त्याचे क्षेत्र किती? विद्यार्थी तत्परतेने ‘दोन हेक्टर’ म्हणतो. योग्य उत्तर ‘निदान दोन हेक्टर’ असे आहे. ते दोन असेल, पाच असेल किंवा दहाही असेल. आपल्याकडे जमीन एकरात मोजली जाते. पाच एकर म्हणजे सुमारे २.०२ हेक्टर, म्हणून पाच एकरवाल्याला व पंधरा एकरवाल्याला रक्कम सारखीच मिळते. मर्यादेचा सामाजिक हेतू येथे एका असमानतेत दिसतो. अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या अध्यापकांनाही हे उदाहरण उपयोगी पडावे.

जमीन, पाणी आणि सीमा

रेषीय प्रायोजनाच्या उदाहरणांत टेबले व खुर्च्या तयार करणारा कारखानदार हे ठरीव पात्र झाले आहे. या शास्त्राचा इतिहास मात्र पोट व उत्पादन यांच्या खऱ्या प्रश्नांतून घडला. लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली सोव्हिएत संघातील उत्पादन नियोजनासाठी ही रीत मांडली. जॉर्ज स्टिग्लर यांनी १९४५ साली ७७ खाद्यपदार्थांतून पोषणाच्या किमान गरजा भागविणारा सर्वांत स्वस्त आहार शोधण्याचा प्रयत्न केला. १९४७ साली जॉर्ज डँटझिग यांनी अशा प्रश्नांसाठी सर्वसाधारण रीत दिली.

आपल्या परिसरात हा प्रश्न उन्हाळी धानाच्या वेळी उभा राहतो. माजी मालगुजारी तलावांच्या या प्रदेशात खरिपानंतर तलावात किती पाणी उरले, यावर पुढचे पीक ठरते. उदाहरणादाखल संख्या घेऊ. पाच एकर जमीन आहे. एका एकराला एकदा पाणी देणे म्हणजे एक पाळी. उन्हाळी धानाला एकरी १० पाळ्या, हरभऱ्याला २ पाळ्या लागतात, असे मानू. एकूण २६ पाळ्यांचे पाणी उपलब्ध आहे. धानाचा एकरी नफा १५,००० व हरभऱ्याचा ९,००० रुपये धरू. धान क्ष एकर व हरभरा य एकर असल्यास क्ष + य ≤ ५ आणि १०क्ष + २य ≤ २६. क्ष व य ऋण असू शकत नाहीत, हे उघडच आहे. सर्व अटी पाळणाऱ्या प्रदेशाचे शिरोबिंदू तपासल्यास दोन एकर धान व तीन एकर हरभरा या निवडीत सर्वाधिक, म्हणजे ५७,००० रुपये नफा मिळतो. सर्व पाणी धानाला दिल्यास २.६ एकरच भिजतील आणि नफा ३९,००० वर येईल.

पाठ्यपुस्तक येथे थांबते. व्यवहाराचा प्रश्न येथून पुढे सुरू होतो. पाणी २६ ऐवजी २२ पाळ्यांचेच असेल तर? मग दीड एकर धान व साडेतीन एकर हरभरा घ्यावा लागेल आणि नफा ५४,००० होईल. चार पाळ्या कमी झाल्याने तीन हजार रुपये गेले. म्हणजे पाण्याच्या एका पाळीचे मोल ७५० रुपये झाले. तलावात ५० पाळ्यांहून अधिक पाणी असते, तर संपूर्ण पाच एकर धान निघाले असते आणि जादा पाळीचे मोल शून्य ठरले असते. तलावातील गाळ काढण्यावर किती खर्च करणे परवडेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वाट यातून निघते. कोणती मर्यादा खरोखर अडवून धरते आणि कोणती नुसती कागदावर आहे, हे असमानता सांगू शकते. समीकरणात हा प्रश्न विचारताच येत नाही, कारण तेथे मर्यादा आधीच ‘इतकेच’ अशी बांधलेली असते.

‘किमान’ चे ‘तेवढेच’ होणे

असमानता न शिकल्याचे नुकसान गुणपत्रिकेपुरते राहत नाही. कायद्याने घातलेली मर्यादा समाजात हळूहळू समीकरण होऊन बसते. छापील कमाल किरकोळ किंमत ही विक्रीची वरची मर्यादा आहे. तिच्याहून कमी दराने वस्तू मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. आपण ती ‘किंमत’ म्हणूनच वाचतो. आधारभूत किंमत या पदाआधीचा ‘किमान’ हा शब्द बोलण्यातून गळून जातो आणि तिच्यापेक्षा अधिक भाव मागणे हा शेतकऱ्याचा हट्ट वाटू लागतो. १९४८ च्या कायद्याने रूढ केलेले किमान वेतन अनेक ठिकाणी पूर्ण वेतन म्हणून दिले जाते. ज्याला ≥ आणि = यांतील भेद कधी लिहून दाखवावा लागला नाही, त्याला हा बदल जाणवत नाही. असमानतेचे अध्यापन नागरिकशास्त्राशी जोडले जाते ते या ठिकाणी.

काही आक्षेप

अभ्यासक्रम आधीच जड आहे, त्यात नवा घटक नको, असा आक्षेप अपेक्षित आहे. परंतु एका चलातील असमानता ही रेषीय समीकरणाच्या प्रकरणातच चार-पाच तासिकांत बसू शकते. कृती बहुतांशी त्याच आहेत. ऋण संख्येने गुणल्यास चिन्हाची दिशा बदलते, हा एकच नवा नियम आहे. पाचशे रुपये तीनशेहून अधिक असतात. पण पाचशेचे कर्ज असलेला माणूस तीनशेच्या कर्जदारापेक्षा खालावलेला असतो, एवढ्या उदाहरणाने तो उमगतो.

दुसरा आक्षेप मूल्यमापनाचा आहे. उत्तर एक नसेल तर गुण कसे द्यावेत? अट चिन्हांत मांडणे, सोडविणे आणि उत्तर पुन्हा शब्दांत सांगणे या तीन टप्प्यांना स्वतंत्र गुण दिल्यास ही अडचण दूर होते. तिसऱ्या टप्प्यास आज एकही गुण नसतो, म्हणून विद्यार्थी क्ष ≥ २५.२५ येथे लेखणी खाली ठेवतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्थानिक उदाहरणांनी गणित संकुचित होईल, असे काहींना वाटते. धानाच्या ओलाव्याचे आणि आम्लाच्या द्रावणाचे बीजगणित एकच आहे, हे वर्गात दाखवून दिल्यास ही भीती राहणार नाही. एका प्रसंगातील रचना दुसऱ्या प्रसंगात ओळखता येणे, हेच अमूर्तीकरण होय. आणि त्यासाठी पहिला प्रसंग विद्यार्थ्याच्या ओळखीचा असावा लागतो.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. (१) असमानतेवरील शाब्दिक उदाहरणांतील मुख्य अडचण मर्यादावाचक शब्दांचे चिन्हांत रूपांतर करण्याची आहे. बहुभाषिक सीमावर्ती भागात ती अधिक तीव्र होते. (२) चिन्ह अटीच्या वाक्यावरून ठरावे. राशी पूर्ण संख्या असल्याची अट स्वतंत्रपणे नोंदवावी. (३) उत्तर व्यवहाराच्या भाषेत परत आणल्याशिवाय उदाहरण पूर्ण झाले असे मानू नये. (४) एका चलातील असमानता नववीतील रेषीय समीकरणांच्या जोडीने शिकविली जावी. (५) परिसरातील शासकीय निकष, शेती व शाळा यांतून उदाहरणांचा संग्रह करण्याचे काम महाविद्यालयांच्या गणित व मराठी विभागांनी मिळून हाती घ्यावे.

शेवटच्या सूचनेस कोणत्याही मंडळाच्या मान्यतेची आवश्यकता नाही. आमगावसारख्या ठिकाणी धान खरेदीचा फलक, शाळेचा पटमांडणी तक्ता आणि तलावातील पाण्याची पातळी ही तिन्ही साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील एकेक वाक्य फळ्यावर लिहून ‘येथे कोणते चिन्ह येईल?’ असे विचारण्यापासून अध्यापकांना आरंभ करता येईल.